हातगुण

"मी त्या डॉक्टरची मुलगी आहे," इथपर्यंत तिनं वाचलं आणि पुढच्या वाक्याशी थांबली. वाक्य काही अवघड नव्हतं. समोर वहीत तिच्याच हातच्या रेघा होत्या, पेन्सिलीच्या, बारीक, एकीला लागून एक, आणि त्या ती झोपेतून उठवलं तरी वाचू शकली असती. समितीच्या अध्यक्षांनी सवयीनं चष्मा कपाळावर चढवून म्हटलं होतं, "ताई, साक्षीदारांचं शेवटचं जरा वाचून दाखवा," आणि ताईनं वाचायला घेतलं होतं. लघुलेखिकेनं वाचायचं ते जसंच्या तसं. साक्षीदार 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'ही बाई असं म्हणते की' अशी सुरुवात केली तर ते सांगणं झालं, वाचणं नव्हे, असं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिला वरिष्ठांनी बजावलं होतं. त्यामुळे या खोलीत ती आजवर काय काय होऊन गेली होती! तिनं पूल कोसळताना पाहिला होता, घाण पाणी पिऊन तिचं मूल दगावलं होतं, तिनं टेंडर फोडलं नव्हतं आणि तिच्यावरचे सगळे आरोप निव्वळ राजकीय होते. एवढ्या सगळ्या 'मी'मधून ती रोज संध्याकाळी कोरडी ठणठणीत बाहेर पडायची, पर्स उचलायची आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहायची. आज मात्र तिचा स्वतःचाच आवाज तिच्या कानावर पडला आणि तो ओळखीचा वाटला. अध्यक्षांनी चष्मा खाली घेतला. "काय झालं? लागत नाही का?" "लागतं," ती म्हणाली, पाण्याचा घोट घेतला, आणि रेल्वेच्या घोषणेसारख्या सपाट आवाजात वाचलं, "माझ्या आईला हे माहीत नव्हतं. माझ्या बाबांना तर नाहीच नाही."

विषय कागदावर भारदस्त होता. मूल होण्यासाठी घेतलेल्या उपचारांत रुग्णाची फसवणूक करणं हा फौजदारी गुन्हा ठरवावा की नाही. आजवर तो नव्हताच. नवऱ्याचं वीर्य म्हणून डॉक्टरनं भलत्याचंच वापरलं, किंवा चक्क स्वतःचं वापरलं, तर त्याला कुठल्या कलमात बसवायचं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मारहाण म्हणावी तर बाई आपल्या पायांनी टेबलावर चढलेली. चोरी म्हणावी तर घरातून काही गेलेलं नाही, उलट घरात एक माणूस वाढलेलं. समितीतले एक सभासद होते, ज्यांना अख्खं कार्यालय काका म्हणायचं. ते मागच्या बैठकीत म्हणाले होते, "पण मी म्हणतो, पोरं झाली ना? नाक-डोळे जिथल्या तिथे आहेत ना? मग नुकसान झालं तरी कुणाचं?" टेबलाभोवती खसखस पिकली होती आणि तिनं वहीत कंसात लिहिलं होतं, हशा. आज आरोग्य खात्याचा अधिकारी येऊन नुकसान कुणाचं ते सांगून गेला. त्या काळी मूलबाळ नसलेल्या जोडप्यांचा खर्च सरकार उचलायचं, म्हणजे त्या दवाखान्याची बिलं सरकारनंच भरली होती. आता त्या मुलांच्या चाचण्या सरकार करणार होतं, आणि ज्यांची मूत्रपिंडं निकामी होतील त्यांना सरकारी इस्पितळात मशीनवर घ्यावं लागणार होतं. "थोडक्यात, फसवायलाही पैसे आपलेच आणि निस्तरायलाही आपलेच," अध्यक्ष म्हणाले. काका यावर काही बोलले नाहीत. कुणीच हसलं नाही, त्यामुळे कंसात लिहिण्यासारखंही काही नव्हतं.

मूत्रपिंडांचं प्रकरण असं होतं की त्या डॉक्टरच्या घराण्यात एक रोग होता. मूत्रपिंडात पाण्याचे फोड येत जातात, चाळिशीनंतर रक्तदाब वाढतो, आणि मग हळूहळू सगळंच बसतं. आईबापांपैकी एकाला असला की मुलांपैकी निम्म्यांना होऊ शकतो, आणि त्यांच्या मुलांनाही. हे एक तज्ज्ञ बाई मोठ्या सावकाश आवाजात समजावून सांगत होत्या आणि ती ते भराभर उतरवून घेत होती. तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती. दोन वर्षं झाली होती सुरू होऊन. 'वयाचं आहे, जागरणं कमी करा,' असं कोपऱ्यावरचा डॉक्टर म्हणाला होता आणि तिनंही ते मान्य करून टाकलं होतं. मान्य करून टाकणं ही तिची जुनी खोड. नवरा गेला तेव्हा तिनं ते मान्य केलं होतं, लेक लग्न करून दुसऱ्या शहरात गेली तेव्हा केलं होतं, आणि काही आठवड्यांपूर्वी त्या डॉक्टरचं नाव पहिल्यांदा वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा तिनं पान उलटून शब्दकोडं सोडवायला घेतलं होतं. नाव वाचलं नव्हतं असं नाही. नीट वाचलं होतं, दवाखान्याचा पत्तासुद्धा वाचला होता, आणि आडवे शब्द सगळे बरोबर भरले होते. लेकीला आता दिवस गेले होते. परवाच फोनवर ती म्हणाली होती, "आई, इथली डॉक्टरीण विचारते की आपल्याकडे घराण्यात काही आहे का? मी सांगितलं, आजोबांना ऐंशीतही चष्म्याशिवाय काही लागत नाही." आणि दोघी हसल्या होत्या.

आपल्याकडे म्हणजे कुणाकडे? हा प्रश्न तिच्या मनात आला तेव्हा तज्ज्ञ बाई बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या आणि तिला हात चालवून त्यांना गाठावं लागलं. हाताचं असं असतं, तो आपोआप धावतो, मन मागे राहून काय वाटेल ते करत बसतं. मन आईकडे गेलं. आई त्या डॉक्टरांना डॉक्टरसाहेब म्हणायची आणि म्हणताना आवाज एक पायरी खाली आणायची. "त्यांच्या हाताला गुण आहे हो," असं कुणीही विचारलं की सांगायची. कुणाला मूल होत नाही असं कानावर आलं की बसमध्ये, दुकानात, लग्नघरात ती बाईला बाजूला घेऊन पत्ता द्यायची. किती बायकांना तिनं तिथं पाठवलं असेल? आईचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलत नव्हता, सासरचे तोंडावर गोड आणि पाठीमागे कडू बोलत होते, आणि तेवढ्यात कुणीतरी या दवाखान्याचं नाव सांगितलं. दोघांच्याही तपासण्या झाल्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, दोघांतही दोष नाही, थोडी मदत लागेल इतकंच. तुमचं दोघांचंच मूल असेल, काळजी सोडा. आईनं काळजी सोडली. हा हातगुण, हातगुण असं घरात इतक्यांदा म्हटलं जायचं की लहानपणी तिला वाटायचं, हे त्या डॉक्टरांच्या औषधाचंच नाव असावं.

दर वाढदिवसाला आई तिला नवा फ्रॉक घालून त्यांच्याकडे न्यायची, फुलांचा गुच्छ घेऊन. रांगेतल्या बायका कौतुकानं बघायच्या, कारण ती म्हणजे त्या दवाखान्याची चालतीबोलती जाहिरात होती. आत थंड असायचं, स्पिरिटचा वास यायचा, आणि टेबलामागून ते उठून पुढे यायचे. डोक्यावर हात ठेवायचे. "बघू दात," म्हणायचे. "अभ्यासात कशी आहे?" आईला विचारायचे, तिला नाही. मग दोन पावलं मागे सरून, डोळे बारीक करून, मान किंचित कलती करून तिच्याकडे बघत राहायचे. ते बघणं तिला लख्ख आठवत होतं, कारण ते तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, वकिलांच्या. पाटी पुरी झाली की बाबा असेच दोन पावलं मागे सरायचे, असेच डोळे बारीक करायचे, आणि आपण काढलेलं अक्षर आपल्याला साधलं का ते बघायचे. तेव्हा तिला वाटायचं, मोठी माणसं सगळी असंच बघतात. आता तिच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. तिनं दुसरी उचलली. त्या माणसानं आईच्या हातून फुलं घेतली होती. दर वर्षी घेतली होती. आईनं, त्या गरीब बाईनं, आभार मानता मानता डोळे पुसले होते, आणि त्यानं म्हटलं होतं, "अहो, देवानं दिलं, मी निमित्त." हे आठवून तिला इतका संताप आला की क्षणभर कुणाचा आवाज कुठून येतोय तेच कळेना. मग संतापही थकला. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि ज्याच्यावर रागवायचं तो अंथरुणाला खिळलेला होता. त्याला आता काही आठवत नाही, असं त्याच्या वकिलानं लिहून दिलं होतं. विसरायची सोय बरी असते काहीकाहींना.

साक्ष देणारी बाई मोटार चालवायला शिकवायची. तिचा आवाजही तसाच होता, समोरून ट्रक येतोय असा. अध्यक्षांनी शेवटी तिला सांगितलं की हा कायदा झाला तर पुढच्यांसाठी होईल, मागच्या गोष्टींना तो लागू करता येणार नाही, आणि तक्रार करायची झाली तरी ती फसवल्या गेलेल्या बाईनं करायची, तुमच्या मातोश्री तर आता हयात नाहीत. "म्हणजे आम्ही इथं आलो कशाला?" ड्रायव्हिंगवाली म्हणाली. "ब्रेक कुठे असतो ते दाखवायला? गाडी तर केव्हाच ठोकली." हे वाक्य कामकाजात घ्यायचं की नाही यावर जरा कुजबुज झाली. घ्यायचं ठरलं. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यापाशी उभी होती तेव्हा ड्रायव्हिंगवाली तिच्याकडेच आली, हातात कागदी पेल्यातला चहा घेऊन.

"एक विचारू का? वाचताना तुम्ही थांबलात का हो?"

"घसा बसलाय."

"माझाही बसला होता पहिल्यांदा म्हणताना," ड्रायव्हिंगवाली म्हणाली. तिनं चहा फुंकला आणि मग निरखून बघितलं, पण वाईट वाटेल असं नाही. "रागावू नका. आई तुमचीपण तिथं जायची?"

ती काही बोलली नाही. न बोलणं हे कधीकधी बोलण्यापेक्षा मोठ्यानं होतं, हे तिला धंद्यामुळे ठाऊक होतं. कामकाजात ते उतरवता येत नाही इतकंच.

"माझे वडील आहेत घरी," शेवटी ती म्हणाली. कशाला म्हणाली तिलाच कळलं नाही.

"माझेही होते," ड्रायव्हिंगवाली म्हणाली. "मी सांगितलं नाही त्यांना. गेले बिचारे. आता वाटतं, सांगायला हवं होतं, आणि आता वाटतं, बरं झालं. दिवसातून दोन्ही वाटतं. तुम्ही तपासून घ्या पण. माझ्या एका भावाचं..." ती अडखळली. भाऊ हा शब्द तिच्याही तोंडात अजून नीट बसला नव्हता. "एका माणसाचं म्हणू, मशीनवर आहे तो. सरकारी इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर करतात चाचणी, फुकट आहे. वडील तयार असले तर त्यांचाही नमुना द्या. त्यांच्याशी जुळलं की विषयच संपला. नाहीतर मग त्या डॉक्टरच्या नमुन्याशी ताडणं, पुढचं सगळं." जाताना तिनं चहाचा पेला चुरगळला आणि आसपास कचऱ्याची टोपली न दिसल्यामुळे स्वतःच्या पर्समध्ये टाकला. ताईला ते आवडलं. ही बाई आपली बहीण असू शकेल, असा विचार तिनं धीर करून पुरता केला, आणि काहीच झालं नाही, जिना तसाच राहिला, फक्त पाय फार दुखत होते.

दुपारी टंकलेखनाला बसली तेव्हा तिच्या हातून तो घोळ झाला. लघुलिपीत स्वर लिहीत बसायला वेळ नसतो. व्यंजनांच्या रेघा ओढायच्या आणि स्वर डोक्यात ठेवायचे. म आणि ल एवढंच कागदावर असतं, ते मूल आहे, मोल आहे की माल, हे आगेमागे बघून आपण ठरवायचं. इतक्या वर्षांत तिचं कधी चुकलं नव्हतं. आज तिनं टाइप केलेलं पान वाचून बघितलं तर आरोग्य खात्याचा अधिकारी त्यात म्हणत होता, "या व्यवहारातून जन्माला आलेला माल आता सरकारच्या गळ्यात पडला आहे." तिनं ते दोनदा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखिकेनं डोकावून बघितलं आणि तोंडावर हात धरून हसली, "ताई, तुम्हीसुद्धा? नोकरी घालवाल हं!" तीही हसली. मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि टंकलेखिकेला वाटलं हसूनच आलं. तिनं चूक दुरुस्त केली. 'आलेलं मूल' असं केलं. पण दुरुस्त केलेलं वाक्य काही तितकंसं खरं वाटेना, कारण अधिकाऱ्याच्या आवाजात खरोखर माल हाच सूर होता, आणि त्या माणसाच्या बघण्यातही, पाटी बघावी तसा. आपण कुणाचं तरी साधलेलं अक्षर आहोत की काय? का न साधलेलं? या वयात, गुडघे दुखत असताना, संध्याकाळची भाजी आणायची असताना, असल्या प्रश्नांचं करायचं काय?

बसमध्ये ती उभी राहिली आणि पहिल्यांदाच लोकांचे चेहरे बघू लागली. खिडकीशी बसलेल्या माणसाची हनुवटी, दरवाज्यातल्या बाईची भुवई. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं डोळे मिटून घेतले. तिला आठवत होतं, शाळेत असताना ती बाबांच्या शिडीखाली बसून उरलेल्या रंगात अक्षरं गिरवायची, आणि बाबांना भेटायला येणारे दुकानदार म्हणायचे, "हात बापाचा आलाय." बाबांना एरवी कुणी कौतुक केलं की ते तोंड फिरवायचे, पण या वाक्यावर मात्र शिडीवरून खाली उतरून यायचे. पुढे तिनं लघुलिपी शिकली, परीक्षेत वेगात पहिली आली, तेव्हा बाबांनी तिचा उजवा हात हातात धरून उलटसुलट बघितला होता. "माझीच बोटं आहेत," ते म्हणाले होते, "फक्त रंग नाही लागलेला." आई चिडवायची, "सगळे गुण तुमचेच, मग मी काय केलं?" त्या दवाखान्याची पाटीसुद्धा बाबांनीच रंगवली होती, तिचा जन्म झाला त्या वर्षी, निळ्यावर पांढरी, एक पैसा न घेता. दर वर्षी उन्हाळ्यात जाऊन ती पुन्हा उजळून द्यायचे. आता तीच पाटी टीव्हीच्या बातम्यांत रोज दाखवत होते, आणि खाली वाक्य सरकत असायचं. बाबा टीव्ही बघायचे नाहीत, रेडिओ ऐकायचे, हे एक नशीबच म्हणायचं. पण लेकीचं काय करायचं? लेकीच्या पोटात जे होतं त्याला यातलं काहीच विचारून होणार नव्हतं. आपण एकटीनं चाचणी द्यावी आणि बाबांना कळूच देऊ नये, हा एक मार्ग होता. ती आपली बाबांचीच निघाली तर उरलेलं आयुष्य शांत झोप, आणि नाही निघाली तर बाबांच्या समोर बसून रोज जेवायचं, तोंड शिवून. बाबांचा नमुना घेतला तर एकदाचा सोक्षमोक्ष. पण मागायचा कसा? बाबा, तोंड उघडा, तुम्ही माझे आहात का ते बघायचंय?

बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते, भाजी निवडून ठेवलेली होती. हात आता थरथरायचा त्यांचा, तरी देठ एका लांबीचे कापलेले. रेडिओ बंद होता. एरवी या वेळी तो बंद नसायचा. ती पर्स ठेवून समोर बसली. चहा करायला उठायला हवं होतं, पण ती बसूनच राहिली.

"काय म्हणते समिती?" बाबांनी विचारलं.

"कुठली?"

"अगं, तुझी. त्या दवाखान्याची."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते भाजीकडे बघत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"रेडिओवर नाव सांगतात ना. कान एक गेला असला तरी दुसरा चांगला आहे." त्यांनी भाजीतला एक देठ सरळ केला. "मला वाटलं, तू काढशील विषय."

"मला वाटलं, तुम्ही काढाल."

"हं," बाबा म्हणाले. किती दिवस हा माणूस एकटाच हे उराशी धरून बसला होता? रोज तिनं विचारलं होतं, जेवलात का, झोप लागली का, आणि रोज त्यांनी हो म्हटलं होतं. एका घरात दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. तिला इतकं भरून आलं की बोलणं सरळ तोंडून निघून गेलं. लेकीचं सांगितलं, रोगाचं सांगितलं, तिसऱ्या मजल्याचं सांगितलं. काडीनं गालाच्या आतून पुसून घेतात, दुखत नाही, एका मिनिटाचं काम आहे, असंही सांगितलं. तुमचा आणि माझा नमुना जुळला तर प्रश्नच मिटला, बाबा.

बाबांनी निवडलेली भाजी बाजूला सारली. मग त्यांनी जे विचारलं ते तिनं कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

"माझं त्यानं काय केलं असेल गं?"

"काय?"

"मी दिलं होतं की. एका बाटलीत. आतल्या खोलीत पाठवलं होतं मला, कडी लावून घ्या म्हणाले. लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. तरी दिलं. कोटाच्या आत धरून आणलं, गार होऊ नये म्हणून, नर्सनं तसं सांगितलं होतं. त्याच्या हातात दिलं मी स्वतः. तो म्हणाला, छान. मग मी बाहेर उभा राहिलो, तुझ्या आईला आत नेलं." त्यांचा आवाज फुटला नव्हता, फक्त अगदी हळू झाला होता. "बेसिनमध्ये ओतलं असेल, नाही का? नळ सोडला असेल वरून."

समितीत इतक्या साक्षी झाल्या, तज्ज्ञ झाले, वकील झाले, पण त्या बाटलीचं काय झालं हे कुणी विचारलं नव्हतं. पोरं झाली ना, मग नुकसान कुणाचं? ती उठून बाबांच्या खुर्चीमागे गेली आणि त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून उभी राहिली. खांदे हाडांचे झाले होते. "बाबा, कदाचित तसं नसेलही. कदाचित तुमचंच असेल. म्हणून तर म्हणते, एकदा तपासून घेऊ."

"नाही."

"बाबा, दुखत नाही."

"दुखण्याचं नाही म्हणत मी." ते वळले, आणि तिनं बघितलं की ते रागावलेले होते, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. "गुन्हा त्यानं केला ना? मग त्याला तपासा. तुझं घे, त्याच्याशी ताडून बघ, पोरीसाठी ते करायलाच हवं, उद्याच कर. पण माझी कसली परीक्षा? एकदा मी दिलं, ते ओतून टाकलं. आता पुन्हा तोंड उघडून उभा राहू? आणि ती नर्स सांगणार मला, पास की नापास? मी तुला शाळेत सोडलंय, तुझ्या गोवरात रात्री काढल्यात. त्याचा कसला नमुना द्यायचा असेल तर सांग, तो देतो."

तिला म्हणायचं होतं, बाबा, मला त्याची गरज नाही. पण ते पुरतं खरं नव्हतं, तिला गरज होती, तिला फार वाटत होतं की कुणीतरी एका कागदावर शिक्का मारून द्यावा. म्हणून तिनं चहा ठेवला. दूध ऊतू गेलं. दोघांनी मिळून शेगडी पुसली आणि जेवताना लेकीला बाळासाठी काय नाव सुचवायचं यावर बोलले. बाबांना एकही नाव पसंत पडेना.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली. बाबा न सांगता तयार होऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट, वर कोट. "तुम्ही कशाला?" ती म्हणाली. "तुला रक्तबिक्त बघून चक्कर येते," ते म्हणाले. "रक्त नाही हो, काडी आहे." "काडी तर काडी." तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट बंद होती, आणि बाबा प्रत्येक वळणावर थांबून, खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखं बघत, दम खाऊन घेत होते. वरच्या खोलीबाहेर माणसं बसली होती, तिच्या आगेमागच्या वयाची. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळे एकमेकांकडे एकदा बघायचे आणि मग चटकन मोबाइलमध्ये तोंड घालायचे, कारण एकदापेक्षा जास्त बघणं बरं दिसलं नसतं. एक जण मात्र पायांची फार अस्वस्थ हालचाल करत होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. बाबा सरळ तिथं जाऊन बसले आणि त्याला विचारलं, "लांबून आलात?" त्या माणसाला कुणीतरी विचारायलाच हवं होतं. तो बोलायला लागला. बाबा चांगला कान त्याच्याकडे करून ऐकत होते.

तिचा नंबर लागला. आत नर्स होती, तरुण, सकाळपासून तेच तेच विचारून कंटाळलेली. मान वर न करता तिनं संगणकावर भरायला सुरुवात केली.

"रक्तदाब?"

"आहे. दोन वर्षं."

"साखर?"

"नाही."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी. तिला दिवस गेलेत."

"आई?"

"वारली."

"वडील?" नर्सनं विचारलं, आणि तिची बोटं कळफलकावर थांबली, कारण या प्रश्नाशी सकाळपासून सगळेच अडखळत होते.

"बाहेर बसलेत," ती म्हणाली.